ओसरीवरचा पाहुणा

मनुष्यास शहाणपण येण्याच्या वाटा दोन. पुढच्यास ठेंच लागलेली पाहून मागच्यानें शहाणें व्हावें ही एक, आणि स्वतः ठेंच खाऊन शहाणें व्हावें ही दुसरी. पहिली स्वस्त, दुसरी महाग. वर्गांत उभे राहून पहिल्या वाटेची थोरवी आम्ही वीस वर्षें सांगत आलों, आणि स्वतः मात्र दुसऱ्या वाटेनें गेलों. त्या ठेंचेची हकीकत आज विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावयाची आहे. तींत लॅपटॉप नामक यंत्र आहे, त्या यंत्राच्या पोटांत वसणारें दुसरें एक यंत्र आहे, आणि एका निरपराध मुलावर आमच्या हातून झालेला अन्याय आहे. पहिल्या दोन गोष्टी समजावयास सोप्या आहेत. तिसरी सांगतांना लेखणी अडखळते. पण ती वगळली तर बाकीची हकीकत सांगण्यांत अर्थ नाहीं.

आम्ही शिरगांवास, म्हणजे बदलापूर पूर्वेस, दोन खोल्यांच्या घरांत राहतों. सन २०२० च्या मार्च महिन्यांत टाळेबंदी झाली, शाळेच्या दारास कुलूप लागलें, आणि आमचा वर्ग घरांतील एका टेबलावर येऊन बसला. लॅपटॉप उघडावयाचा, पडद्यावरील चौकोनांत मुलांचे चिमुकले चेहरे शोधावयाचे, आणि शिकवावयाचें. कांहीं चौकोन रोज रिकामे असत. आमच्याच गल्लींतील आठवीच्या एका विद्यार्थ्याचा चौकोन असा रिकामा राही. त्याच्या घरीं फोन एकच, आणि तो त्याची आई अंबरनाथच्या कारखान्यांत कामास जातांना बरोबर नेई. निर्बंध सैल झाल्यावर आम्हीं त्यास म्हटलें, "अरे, दुपारीं आमचा लॅपटॉप मोकळा असतो. येत जा आणि अभ्यास करीत जा." तो येऊं लागला. चपला दाराबाहेर काढी, हात धुई, दोन तास मान खालीं घालून धडे उतरून घेई, आणि जातांना लॅपटॉपवर धूळ बसूं नये म्हणून रुमाल पांघरून ठेवी.

पुढील वर्षीं, सन २०२१ च्या पावसाळ्यांत, एका सोमवारीं सकाळीं आम्हीं लॅपटॉप उघडला, तों सारेंच विपरीत दिसलें. प्रत्येक फाइलीच्या नांवास एक अनोळखी शेपूट चिकटलेलें. एकही फाइल उघडेना. पडद्यावर इंग्रजींत पत्र होतें. त्याचा आशय असा कीं, तुमचे सर्व कागद आम्हीं कुलपांत घातले आहेत. किल्ली हवी असेल तर अमुक रक्कम बिटकॉइनच्या रूपानें अमुक पत्त्यावर पाठवा. या प्रकारास रॅन्समवेअर म्हणतात, हें आम्हांस मागाहून समजलें. चोर घरांतील कांहीं नेत नाहीं. तुमच्याच पेटीला स्वतःचें कुलूप लावून उंबऱ्यावर बसतो आणि खंडणी मागतो.

आठ वर्षांच्या प्रश्नपत्रिका गेल्या, त्याचें दुःख फारसें नव्हतें. त्या पुन्हां काढतां येतात. पण त्याच पेटींत आमच्या आईच्या ओव्या होत्या. नगर जिल्ह्यांतील आमच्या गांवीं ती जात्यावर बसून म्हणत असे त्या. तिच्या अखेरच्या वर्षांत तिच्या उशाशीं बसून आम्हीं त्या एकेक करून उतरून घेतल्या होत्या. आतां त्या ओव्यांच्या जागीं अर्थहीन खुणांची रांग उभी होती, आणि आई तर पुन्हां सांगावयास नव्हती.

अशा वेळीं मनुष्याचें मन दोषी शोधूं लागतें, आणि जो जवळ सांपडेल त्यासच धरतें. दुपारीं तो मुलगा नेहमीप्रमाणें आला. आम्हीं दारांतच विचारलें, "काल-परवां तूं काय उघडलेंस?"

"सर, मीं अभ्यासाशिवाय कांहीं उघडलें नाहीं."

"मग काय भुतानें उघडलें? या यंत्राला तुझ्या आणि आमच्याशिवाय कोणाचा हात लागतो?"

तो कांहीं बोलला नाहीं. पायांत अर्धवट काढलेली चप्पल त्यानें पुन्हां घातली, वही छातीशीं धरली, आणि जिना उतरून गेला. आमची पत्नी आंतून म्हणाली, "अहो, आधीं नीट बघायचें तरी." आम्हीं तिलाही उत्तर दिलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं मुलगा आला नाहीं. तिसऱ्या दिवशींही नाहीं. त्याचा चौकोन पुन्हां रिकामा झाला.

पुढच्या आठवड्यांत आमचा एक माजी विद्यार्थी, जो आतां ऐरोलीस संगणकाच्या नोकरींत आहे, रविवारीं घरीं आला. त्यानें यंत्र तपासावयास घेतलें. बराच वेळ तो कांहीं बोलेना. मग त्यानें विचारलें, "सर, शनिवारीं रात्रीं पावणेअकराला लॅपटॉपवर कोण बसलें होतें?"

शनिवारीं रात्रीं आम्हीच बसलों होतों. ओव्यांच्या कांहीं जुन्या फाइली पूर्वींच्या एका फाँटांत टंकलेल्या होत्या; नव्या लॅपटॉपवर त्यांतील अक्षरांची गिचमीड दिसे. तीं अक्षरें युनिकोडमध्यें बदलून देणारा प्रोग्रॅम आम्ही शोधत होतों. रीतसर मिळणाऱ्यास पैसे पडत होते. एका अनोळखी ठिकाणीं तोच फुकट मिळेल असें लिहिलेलें दिसलें. तो उतरवून घेतांना लॅपटॉपवरील रक्षक प्रोग्रॅमनें धोक्याची सूचना दिली. पण फुकट देणाऱ्यानें आधींच लिहून ठेवलें होतें कीं, अशी सूचना येईल, तिकडे लक्ष न देतां रक्षक थोडा वेळ बंद करावा. आम्हीं तो बंद केला. प्रोग्रॅम चालला नाहीं. आम्ही चरफडलों आणि झोंपी गेलों. आणि सोमवारीं हें सारें आम्हांस आठवलेंही नाहीं!

"सर," तो खालीं पाहत म्हणाला, "पहारेकऱ्याला तुम्हींच सुटी दिलीत."

आमचा चेहरा पाहून त्यानें धीर देण्याचा यत्न केला. म्हणाला, मोठमोठ्यांवरही असे प्रसंग आलेले आहेत. सन २०१७ च्या जून महिन्याच्या अखेरीस न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरांतील एका टर्मिनलाचें काम 'नॉटपेट्या' नांवाच्या घातकी प्रोग्रॅममुळें ठप्प झालें होतें. तो मूळ युक्रेनमध्यें वापरल्या जाणाऱ्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या सुधारित प्रतीबरोबर शिरला आणि देशोदेशीं पसरला. सन २०१८ च्या ऑगस्ट महिन्यांत पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेंत शिरून चोरांनीं तीन दिवसांत सुमारें ९४ कोटि रुपये लांबविले; त्यांतील मोठा भाग अठ्ठावीस देशांतील एटीएम यंत्रांतून काढला गेला. आम्हीं तें ऐकून घेतलें. पण आमचें समाधान झालें नाहीं. बंदरानें किंवा बँकेनें शेजारच्या पोरावर आळ घेतला नव्हता. तो आम्हीं घेतला होता.

त्याच संध्याकाळीं आम्ही त्या मुलाच्या घरीं गेलों. पाऊस पडत होता. त्याची आई कामावरून नुकतीच आली होती. शिक्षक दारांत आलेले पाहून ती घाबरली आणि खुर्ची शोधूं लागली. आम्ही उभ्यानेंच बोललों. म्हणालों, "बाई, तुमच्या मुलावर आम्हीं खोटा आळ घेतला. चूक आमची होती. आम्हांस क्षमा करा." आणि मुलाकडे वळून तेंच पुन्हां म्हटलें. त्या माउलीनें डोळ्यांस पदर लावला. तिला या प्रकारांतलें कांहींच ठाऊक नव्हतें. लॅपटॉप बिघडला म्हणून जात नाहीं, एवढेंच मुलानें घरीं सांगितलें होतें. आमची लाज त्यानें आमच्यापेक्षां अधिक राखली होती! तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्यानें विचारलें, "सर, तें कुलूप निघालें का?"

तें कुलूप आजतागायत निघालेलें नाहीं. खंडणी आम्हीं दिली नाहीं. एक तर तेवढे पैसे नव्हते, आणि दिल्यावर किल्ली मिळेलच याची हमी कोण घेणार? ओव्यांपैकीं कांहीं एका जुन्या वहींत पेन्सिलीनें लिहिलेल्या सांपडल्या. बाकीच्या आईबरोबर गेल्या असें आम्हीं धरून चाललों आहों.

पुढील शनिवारीं मुलगा पुन्हां आला. माजी विद्यार्थ्यानें लॅपटॉप पुसून, त्याची सारी मांडणी नव्यानें करून दिली होती, आणि एक युक्ति फोनवरून समजावून सांगितली होती. ती आम्हीं दोघांनीं मिळून अंमलांत आणली. हीच ती यंत्राच्या पोटांतील यंत्राची युक्ति. तिचें इंग्रजी नांव व्हर्च्युअल मशीन. आपण आभासी यंत्र म्हणूं.

आभासी यंत्र म्हणजे काय? लॅपटॉपवर एक प्रोग्रॅम बसवावयाचा. तो प्रोग्रॅम लॅपटॉपच्या स्मृतीचा व साठवणीचा एक भाग कुंपण घालून वेगळा काढतो, आणि त्या कुंपणाच्या आंत एक संपूर्ण संगणक असल्याचा देखावा उभा करतो. त्या आंतल्या संगणकावर स्वतंत्र कार्यप्रणाली बसवितां येते. तिला वाटतें कीं आपण खऱ्याच यंत्रावर चाललों आहों. तिची खरी तबकडी म्हणजे बाहेरच्या लॅपटॉपवरची केवळ एक मोठी फाइल असते. आतां अनोळखी संकेतस्थळ पाहावयाचें, तर या आंतल्या यंत्रांतून पाहावें. तेथें कांहीं घातक शिरलें तर तें त्या कुंपणांत धुमाकूळ घालील. बाहेरचे आपले कागद त्याच्या दृष्टीसही पडणार नाहींत.

ही युक्ति अलीकडची असेल असें आम्हांस वाटलें होतें. पण ती आमच्याहूनही वयानें मोठी निघाली. आय.बी.एम. कंपनीच्या अमेरिकेंतील केंब्रिज येथील केंद्रांत सन १९६७ च्या सुमारास सीपी-४० नांवाची व्यवस्था चालू झाली. त्या काळीं एकेका संगणकाची किंमत वाड्याएवढी. आणि काम करणारे अनेक. तेव्हां एकाच यंत्रावर प्रत्येकास आपलें स्वतंत्र यंत्र आहे असें भासवावें, अशी ती कल्पना होती. सन १९७२ मध्यें त्याच कंपनीनें व्हीएम/३७० ही व्यवस्था बाजारांत आणली. सन १९९९ मध्यें व्हीएमवेअर कंपनीनें ही युक्ति साध्या टेबलावरच्या संगणकांवर आणली, आणि सन २००७ पासून व्हर्च्युअलबॉक्स नांवाचा प्रोग्रॅम कोणालाही विनामूल्य मिळूं लागला. आम्हीं तोच घेतला, पण या वेळीं त्याच्या कर्त्यांच्या स्वतःच्या ठिकाणाहून. फुकट आणि फुकट यांतही फरक असतो, हा धडा आम्हीं पैशापेक्षां महाग किंमत देऊन शिकलों होतों.

कुंपण राखणाऱ्या या प्रोग्रॅमास हायपरव्हायझर म्हणतात. मुलानें या शब्दाचा अर्थ विचारला. कार्यप्रणालीच्या गाभ्यास पूर्वीं सुपरव्हायझर, म्हणजे देखरेख करणारा, म्हणत. त्याच्यावरही देखरेख करणारा तो हायपरव्हायझर. आम्हीं त्यास शाळेचें उदाहरण दिलें. वर्गशिक्षक आपल्या वर्गापुरता राजा असतो. पण दोन वर्गांनीं एकमेकांच्या खोल्यांत शिरूं नये, एकाच तासाला एकाच मैदानावर जाऊं नये, हें मुख्याध्यापक पाहतात. तो हंसला. कितीतरी दिवसांनीं हंसला.

ज्यांना ही मांडणी करावयाची आहे त्यांच्यासाठीं थोडा तपशील देतों. लॅपटॉपची कार्यस्मृति निदान आठ जीबी असावी. तीन-चार जीबी आंतल्या यंत्रास द्यावी, आणि साठवणीचे पंचवीस-तीस जीबी. लॅपटॉप सुरू होतांना जी बायॉसची पाटी उघडतां येते, तींत व्हर्च्युअलायझेशनची कळ कित्येकदां बंद असते. ती चालू करावी. आंत आम्हीं लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली बसविली. बाहेरच्या व आंतल्या यंत्रांत सामाईक फोल्डर ठेवूं नये, आणि एकीकडे उचललेलें दुसरीकडे चिकटविण्याची सोयही बंद ठेवावी. नाहीं तर भिंत बांधून तिला आपणच भोंक पाडल्यासारखें होतें. आमचें यंत्र पहिल्या दिवशीं बैलगाडीच्या गतीनें चाललें. चार जीबी दिल्यावर टांग्याच्या गतीनें चालूं लागलें. ज्यांच्या लॅपटॉपवर विंडोजची प्रो आवृत्ति आहे, त्यांना सन २०१९ पासून सँडबॉक्स नांवाची तयार खोलीच मिळते. ती बंद केली कीं आंतील सारें नाहींसें होतें. होम आवृत्तींत मात्र ती नाहीं.

मुलास सर्वांत आवडली ती स्नॅपशॉटची सोय. आंतलें यंत्र नवें कोरें असतांना त्याची एक नोंद करून ठेवावयाची. मग हवें तेथें हिंडून आल्यावर एक कळ दाबली कीं यंत्र पुन्हां त्या नोंदीच्या क्षणास जातें. मधल्या काळांत जें जें चिकटलें तें गळून पडतें. बदलापूर या नांवाविषयीं जुनीं माणसें सांगतात कीं, पूर्वीं दूरच्या प्रवासास निघालेले स्वार येथें थकलेला घोडा बदलून ताजा घेत, म्हणून हें बदलापूर. ही व्युत्पत्ति इतिहासाच्या कसोटीस उतरो वा न उतरो, आमच्या लॅपटॉपांत मात्र रोज घोडा बदलला जातो.

या आंतल्या यंत्रास नांव द्यावें लागतें. मुलगा म्हणाला, "सर, याचें नांव काय लिहूं?" आमच्या तोंडून निघून गेलें, "ओसरी." त्यानें खरोखरच देवनागरींत 'ओसरी' असें लिहिलें. शहरांत वाढलेल्या त्या मुलानें ओसरी पाहिली नव्हती. तेव्हां आम्हीं त्यास आमच्या गांवच्या घराची गोष्ट सांगितली. आमच्या पणजोबांच्या काळीं गांवांतील कित्येक ओसऱ्यांवर आमच्या लोकांस पाऊल ठेवतां येत नसे. म्हणून आजोबांनीं घर बांधलें तेव्हां ओसरी मुद्दाम ऐसपैस ठेवली. वाटसरू, फेरीवाला, कोणत्याही जातीचा अनोळखी माणूस येवो, त्यास तेथें बसावयास घोंगडी आणि पाण्याचा तांब्या मिळे. पण धान्याची कणगी आणि कागदपत्रांची पेटी मात्र आंतल्या खोलींत असे, आणि अनोळखी माणूस तेथवर जात नसे. यांत पाहुण्याचा अपमान नव्हता. उलट, पेटी सुरक्षित असल्यामुळेंच आजोबांस कोणाचेंही मोकळ्या मनानें स्वागत करतां येई. आंतील घर ज्याचें राखलेलें आहे, त्यालाच बाहेरचें दार निर्भयपणें उघडें ठेवतां येतें.

तथापि ओसरीच्या भरंवशावर कोणी गाफील राहूं नये. सन २०१५ मध्यें 'व्हेनम' नांवाचा एक दोष उघडकीस आला. आभासी यंत्रांत जुन्या फ्लॉपी तबकडीची जागा दाखविणारा जो कारभार होता, त्यांत सन २००४ पासून तो दडून राहिला होता, आणि त्या वाटेनें कुंपणाबाहेर निसटणें शक्य होतें. फ्लॉपी कोणी वापरीत नव्हतें. पण अडगळींतच साप वस्ती करतो. व्हर्च्युअलबॉक्सलाही तो दोष लागू होता; नवी सुधारित प्रत घेणें हाच त्यावर उपाय होता. म्हणून बाहेरची आणि आंतली दोन्ही व्यवस्था वेळोवेळीं अद्ययावत करीत राहावें. आणि महत्त्वाच्या कागदांची एक प्रत लॅपटॉपास न जोडलेल्या निराळ्या तबकडीवर ठेवावी. ती आमच्यापाशीं असती तर आईच्या ओव्या आज असत्या.

दुसरी मर्यादा याहून मोठी आहे. भिंत यंत्रास राखते, मनास राखीत नाहीं. खोट्या बँकेच्या पानावर तुम्हीं स्वतःच परवलीचा शब्द लिहिलात, किंवा फोनवर आलेला ओटीपी गोड बोलणाऱ्यास सांगितलात, तर ओसरी काय करणार? जें आपण आपल्या हातानें उचलून दिलें, तें चोरीला गेलें असें म्हणतांही येत नाहीं. ज्या ओसरीवर अनोळखी पाहुणे बसतात, तेथें बसून बँकेचे व्यवहार करूं नयेत हेंही ध्यानांत असावें. आणि पैसा गेलाच, तर लाजून गप्प न बसतां १९३० या सरकारी क्रमांकावर तत्काळ फोन करावा. विलंब झाला कीं पैसा हात बदलतो.

पालकांस आमची एक विनंति आहे. घरांतील यंत्र बिघडलें म्हणजे पहिला संशय मुलांवर जातो, कारण मुलें जवळ असतात आणि उलट बोलत नाहींत. तसें होईल तेव्हां आधीं फाइलीची तारीख व वेळ पाहा. ती तुमचीही निघूं शकते.

तो मुलगा दहावी होऊन पुढें पॉलिटेक्निकांत गेला. अजूनही रविवारीं केव्हां केव्हां येतो, ओसरीचा घोडा बदलतो, आणि जातांना लॅपटॉपवर रुमाल पांघरून ठेवतो. तो रुमाल पाहिला कीं आम्हांस ती दुपार आठवते. ज्या परक्यास ओसरीवर थांबवावयाचें, त्यास आम्हीं रात्रीं पावणेअकराला स्वतःच्या हातानें आंतल्या खोलींत नेलें. आणि जो घरचाच होता, त्यास भर दुपारीं उंबऱ्याबाहेर उभें केलें. यंत्रांतली भिंत कोठें घालावी हें एका शनिवारांत शिकतां आलें. माणसांच्या बाबतींत ती कोठें घालूं नये, हें आम्ही अद्याप शिकत आहों.